मी नागपूरले गेली आहो

१९ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून नवीन सिस्टिम. खासगी शाळेची लायब्रेरियन, रिटायर, पेन्शन नाई. घरात मी अन् एफडीचं व्याज. आमचं दोघांचं बरं जमते. नवरा नाई, सून नाई, कोणाचं ऐकून घ्याचं नाई. गावात माझ्याएवढी सुखी बाई असन तर दाखवा. दूध बंद केलं. काळा चहा तब्येतीले चांगला.

२१ ऑक्टोबर
दिवाळी झाली. फराळ नाई केला. कोलेस्टेरॉल.
रविवारी गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. मंडईले कोणाले बोलवा लागत नाई, पाहुणे येतेच. दिवसा दंडारीचा नाच पाहाचा, रात्री नाटक, अन् मधात जेवाले माझं घर. मागच्या वर्षी माझ्या बहिणीची पोरगी डिंपल अख्खं सासर घेऊन आली. तेलाचा पिपा खाली झाला. सिलिंडर ऐन मंडईत संपला. भूपेश जावई माझ्या पलंगावर, मी सयपाकघरात. जाताना म्हणे, मावशी, तुमचा पंखा लय आवाज करते, बदलून घ्या.
यंदा नाई. फायनल.

२२ ऑक्टोबर
शेजारच्या शकुबाईले सांगून टाकलं का डोळे दाखवाले नागपूरले चालली, मंडई झाल्यावर येईन. ती म्हणे, मंडई सोडून कोणी जाते काय बाई, मोतीबिंदू का पळून जाऊन राह्यला? मी म्हटलं, अपॉइंटमेंट आहे. अपॉइंटमेंट म्हटलं का लोक चूप बसते.
प्लॅन असा. समोरच्या दाराले भाईरून कुलूप. मी घरामागच्या वाडीतून, मागच्या दारानं घरात. जायचं कुठीच नाई, तिकिटाचा खर्च नाई. एवढं डोकं लायब्ररीत बसूनच येते.

२५ ऑक्टोबर, दुपार
कुलूप लावलं. खिडक्या, लाइट बंद. टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या पाह्यल्या. सगळे भांडून राह्यले, ऐकू काहीच येत नाई. लय बरं वाटलं.
वाचन वाढवाचं ठरवलं होतं. अंधारात अक्षर दिसत नाई. झोपली.

तोच दिवस, सायंकाळ
कोणीच कुलूप हालवलं नाई. सिस्टिम जबरदस्त चालून राह्यली. अधूनमधून दारापाशी जाऊन उभी राह्यते. बसून बसून पाय आखडते म्हणून.

२६ ऑक्टोबर, मंडई
ढोल दारावरून गेला. मांगं पोट्टे ओरडत. मी खाटेवर बसून होती. काही वाटलं नाई.
मग शकुबाईच्या अंगणात डिंपलचा आवाज. शकुबाई तिले सांगे, बाई नागपूरले गेल्या. डिंपल म्हणे, बरं झालं.
म्हणजे डोळ्यांचा इलाज होऊन राह्यला, ते बरं झालं. पोरीले माझी काळजी आहे.
मग म्हणे, काकू, तुमच्या इथूनच नाटकाचा मंडप जवळ पडते, आमी इथीच थांबतो. शकुबाईचं घर माझ्या भिंतीले लागून आहे. पण जवळ ते जवळच.

तोच दिवस, दुपार
काल वड्याले बरबटीची डाळ भिजत टाकली होती. काऊन टाकली, माहीत नाई. दरवर्षी मंडईच्या आदल्या दिवशी टाकते, हात आपोआप गेला. आता काय फेकाची? वाटली, लसूण-मिरची घातली, वडे तळले. पुऱ्या गावात कढया चढल्या, माझा वास कोणाले वेगळा येणार! गंजभर वडे झाले, मोठं पातेलं भरलं. दोन खाल्ले. पुढं जाईना.
भिंतीपल्याड पंगत बसली. डिंपल हसून राह्यली होती. मले वाईट वाटलं. उपाशीपोटी तळण केलं का असं होते.

२७ ऑक्टोबर
आज नागपूरहून परत याचं होतं. वाडीतून निघाली, पिशवी घेऊन शेताच्या बांधीबांधीनं फाट्यावर गेली. तिथून ब्रह्मपुरीच्या जीपमधून उतरल्यासारखी गावात याची. धानाच्या दवानं साडी गुडघ्यापर्यंत ओली.
फाट्यावर डिंपल अन् भूपेश जीपची वाट पाहत उभे.
डिंपल पाया पडली. म्हणे, मावशी, आली काय, आमी निघालोच. साडी काऊन ओली, कोणी विचारलं नाई. भूपेश म्हणे, डोळे कसे आहेत? मी म्हटलं, आता सगळं साफ दिसते. म्हणे, मस्त.
मी पिशवीतून डबा काढला. म्हटलं, घ्या, नागपूरचे वडे. भूपेश म्हणे, नागपूरलेई बरबटीचे वडे भेटते काय? म्हटलं, नागपूरले सगळंच भेटते.
डिंपलनं उभ्याउभ्या चार-पाच खाल्ले. म्हणे, मावशी, राग नको मानू, पण तुया वड्याले लय तेल राह्यते. हे पाह्य कसे खुसखुशीत. आता तू घरी तळत नको बसू, मंडईले तिथूनच आणत जा.
तेवढ्यात जीप आली. बसली तरी खिडकीतून डोकं काढून तिनं दुकानाचं नाव विचारलं.
मी म्हटलं, बोर्ड नव्हता.