नव्या गोळ्या आणि पपनस

३ मार्च, सोमवार
कम्प्युटरने ठरवलं! तिला नवं औषध मिळणार की जुनंच, हे चाचणीत म्हणे कम्प्युटर चिठ्ठी काढल्यासारखं ठरवतो. माझं डोकं सटकलं. "ती काय सोडतीतलं शिलाई मशीन आहे का?" वॉर्डाबाहेर ओरडलो. चाचणीच्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "आम्ही निवडायला लागलो तर ओळखीपाळखीचेच निवडू. मग औषधाचा गुण की ओळखीचा, कळणार कसं?"

पटलं, म्हणून राग आणखीच आला.

रक्ताचा कॅन्सर, त्यातही उभ्या उभ्या माणूस नेणारा. जुन्या औषधांनी एकदा बरी झाली होती, तो परत उलटला. चिठ्ठी निघाली नव्या गोळ्यांची. जिन्यात बसून रडलो.

५ मार्च, बुधवार
बाबा पंक्चर काढता काढता — "कॉलेज सोडलंस ते सोडलंस, आता हॉस्पिटलात नाव घातलंस वाटतं! परीक्षा कधी आहे?" तिच्याशिवाय त्या वर्गात बसून दाखवा म्हणावं!

८ मार्च, शनिवार
जेवण जात नाही तिला. तोंडाला लोखंडाची चव येते म्हणते. मी म्हटलं, "पपनस?" — आणि हसली! किती दिवसांनी.

कॉलेजच्या लॅबमागचं ते झाड. ही वर चढायची, मी खाली. "झेल सोडलास तर नापास!" मग भिंतीवर बसून फोडी, कॅन्टीनमधून पुडीत बांधून आणलेलं मीठ. तिच्या बोटांना दिवसभर सालीचा वास. मी मुद्दाम वही मागायचो — पानांना तो वास यायचा म्हणून. हे तिला अजून माहीत नाही.

९ मार्च, रविवार
पपनस नेलं, टॉवेलखाली लपवून. आख्खं संपवलं!

११ मार्च, मंगळवार
कालही नेलं, आजही. "आईला बोलू नकोस हं." मी शहाण्यासारखी मान हलवली.

१३ मार्च, गुरुवार
गोळ्या बंद. रक्तात औषध भलतंच चढलंय, छातीचे ठोके चुकतायत. डॉक्टर म्हणाले, "हिला औषधच झेपत नसावं." सिस्टरांनी तिला विचारलं, "बाहेरचं काही खाल्लंस? काढा, चूर्ण, फळ?"

"नाही," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही.

बाहेर सिस्टरांना गाठलं. फळाने काय होतंय?

"पपनसासारख्या फळाने होतं. औषध अंगातून निघत नाही, साचत जातं. तिला आणि तिच्या आईला पहिल्याच दिवशी सांगितलंय."

"आणि कोणी लपवलं तर?"

"तर खापर औषधावर. तिला चाचणीतून काढतील. दुसऱ्या गावांतले पेशंट आहेत, त्यांचाही डोस उगाच कमी होईल."

परत आत गेलो. तिने मनगट धरलं. "माहीत होतं मला. वाटलं, एवढ्याने काय होतंय. तू बोललास तर आई तुला दारात उभं करणार नाही. गप्प बस ना. मला तू रोज हवायस."

दोन वर्षं तडफडलो हे ऐकायला. मिळालं ते असं!

१४ मार्च, शुक्रवार
सांगून टाकलं. सिस्टरांच्या समोर, काकूंच्याही.

काकू उसळल्या — "याला प्रेम म्हणतोस? माझ्या पोरीच्या जिवाशी खेळलास! परत इथे पाऊल टाकलंस तर बघ!"

आयुष्यात पहिल्यांदा उलटून बोललो नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. खांदे हलत होते.

१७ मार्च, सोमवार
वॉर्डात फोन केला. सिस्टर म्हणाल्या, "मला काही सांगता येत नाही." मग हळूच — "झोपलीय. गोळी घेऊन."

गोळी घेऊन!! म्हणजे सुरू झाल्या!

२३ मार्च, रविवार
कॉलेजच्या भिंतीवर जाऊन बसलो. वॉचमन आला. "एकटेच? ती माकडीण कुठंय?"

"सुट्टीवर."

"झाडाला आराम आहे मग."

हसलो आणि मग हसवेना. इथे ती पाय हलवत बसायची. एकदा चप्पल पडली, मी उतरून पायात घातली, तर म्हणाली, "काय हो, मापाची आहे ना?" सगळं शब्दन् शब्द आठवतं. रोज घोकतो. एवढं घोकलं असतं तर पहिला आलो असतो.

२ एप्रिल, बुधवार
तिचा फोन! हाडातल्या मगजाचा रिपोर्ट आला — वाईट पेशी दिसत नाहीत, एकही! अजून बरेच उपचार बाकी आहेत, पण डॉक्टर स्वतः हसले म्हणे. "आईला पटवलंय. शनिवारी ये. पण एक अट. जुनं काही काढायचं नाही. ते ऐकून मी मेल्यासारखं वाटतं. पुढच्या वर्षी तू काय करणारेस, ते सांगायला ये."

पुढचं वर्ष!

कधीचा बसलोय. एक ओळ सुचत नाही.