शेपटीवरचा माणूस

...आणि तेवढ्यात विमानाचं नाक सरळ आभाळाकडे वळलं, मामा, आणि दोन्ही हातांनी दांडा पुढे रेटताना माझ्या लक्षात आलं, की पैलवान शेपटीवरून उतरलेलाच नाही.

आधी नमस्कार करायला हवा होता. साष्टांग घालायची इथे सोय नाही. चिखलात आडवा झालेला माणूस काढायला दोघे लागतात. मामींची कंबर कशी आहे? मुख्यालयातली तुमची खुर्ची अजून शेगडीजवळच आहे ना? (मी सुखरूप असल्याचं तुम्ही आईला कळवत असता म्हणे. मलाही कळवत जा.)

इथे महिनाभर पाऊस, गारा आणि पुन्हा पाऊस. आमची लढाऊ विमानं नाकाकडे जड. चिखलात इंजिनाला जोर दिला की चाकं रुततात, शेपूट वर उठते आणि पंखा जमिनीत जाऊन वाकतो. म्हणून प्रत्येक शेपटीवर एक मेकॅनिक पालथा पडतो, धावपट्टीच्या तोंडाशी उतरतो आणि विमानाच्या अंगावर दोन थापा मारतो. थापा ऐकल्या की आपण सुटायचं. (काचेवर चिखल. मागचं काही दिसत नाही.) माझ्या शेपटीवर पैलवान असतो. अंगाने भरलेला म्हणून त्याला निवडला होता. इथल्या जेवणावर तो निम्मा झालाय, पण काम तेच आहे. घरी दोन लहान मुली आणि सासू. सासूला तो शत्रुपक्ष म्हणतो.

आज सकाळी धावपट्टीच्या तोंडाशी थांबलो आणि गारा सुरू झाल्या. पहिल्या दोन मला थापा वाटल्या. मी सुटलो.

वर कसं होतं ते पैलवानाला ठाऊक. मी एक फेरी घेतली आणि आजारी माणसाला खाटेवर ठेवावं तसं विमान खाली ठेवलं. तो होता. हातांची मिठी सुटेना. तिघांनी एकेक बोट सोडवलं. हात चोळत तो म्हणाला, "साहेब, न्यायचंच होतं तर सांगायचं. स्वेटर घातला असता." मी माफी मागितली. तो म्हणाला, "घरी लिहू नका. सासू म्हणेल, पुन्हा न्या."

दुपारी बाकीची सगळी विमानं परतली आणि उतरताना एकामागून एक नाकावर गेली. धड उरलं ते माझं एकच. कमांडरसाहेब त्याच्याभोवती फिरले. पैलवान कसा आहे, हे त्यांनी विचारलं नाही.

"तुझं नाक कसं नाही गेलं रे?"

"शेपटीवर माणूस होता, साहेब."

हे उत्तर मी द्यायला नको होतं. साहेब विचार करू लागले. साहेबांनी विचार केला की आमच्यात माणसं कमी होतात.

"म्हणजे तो वरच राहिला, तर उतरतानाही उपयोगी पडतो."

"पडतो, साहेब. पण वाटेत."

ते हसले नाहीत. उद्या सकाळी प्रयोग आहे. पैलवानाला शेपटीला बांधायचं, शत्रूच्या ठाण्यापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. पैलवानाने एवढंच विचारलं, की दोरी कुठली. तंबूची आहे म्हटल्यावर त्याने तंबूकडे पाहिलं. आमचा तंबू दर वादळात उडून जातो.

बाकी सर्व ठीक. मामींना कंबर जपायला सांगा.

तुमचा भाचा

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. आमच्या साहेबांचे साहेब रोज तुमच्याबरोबर पत्ते खेळतात. आज रात्री त्यांना जिंकू द्या आणि मग पैलवानाचं सांगा. माझी बदली करून देतो म्हणाला होतात, ती त्याला दिली तरी चालेल. टपालाचा मोटारसायकलवाला हे पत्र अंधार पडायच्या आत पोचवतो म्हणालाय.

आणखी ता. क. मोटारसायकलवाला काल फाटकाशीच रुतला आणि पत्र घेऊन परत आला. म्हणून पाकीट फोडून लिहितोय. आता त्यांना काही सांगू नका. आज सकाळी पैलवान दोरी घेऊन यायच्या आत मी एकट्याने इंजिन चालू केलं आणि पूर्ण जोर दिला. नाक चिखलात गेलं, पंखा वाकला. मला पहाऱ्यात ठेवलंय. नवा पंखा येईपर्यंत पैलवान जमिनीवर आहे.