फाइल बंद करण्याचा मान

चि. मुकुल यास इंदूरहून विश्वासमामाचे भरघोस आशीर्वाद.

तू, सूनबाई ईशा आणि पुण्याची हवा, तिघंही ठीक असाल असं धरून चालतो. ताईचे गुडघे काय म्हणतात? (माझे काही म्हणत नाहीत; माझ्याशी बोलणंच सोडलंय त्यांनी.)

पत्रास कारण तुझी फाइल. शाळेतल्या जुन्या कविता ज्याला जेवढ्या आठवतील तेवढ्या उतरवून ठेवायला, तीन कॉम्प्युटरांवरून तिघांनी एकदम, म्हणून तू ती स्नेहलतागंजातल्या आपल्या मंडळाला करून दिलीस. फार सुंदर सोय. आता तिच्यात मध्येच चिनी अक्षरं उगवतात. पाखरू घरट्याकडे निघतं ते थेट शांघायला उतरतं. स्टेशनाजवळच्या ऋषभला बोलावलं, हा कॉम्प्युटरवाला. "दादाजी, फाइल करप्ट हो गई," म्हणाला आणि दुरुस्तीला बसला. दुरुस्ती इतकी चोख, की बिघडलेल्या कविता फाइलमधून साफ नाहीशाच झाल्या. त्यांत ताईने फोनवर सांगितलेली, आमची आई जात्यावर म्हणायची ती कविताही गेली. ती पूर्ण येणारी एकटी ताईच उरली होती, आणि तीही आता दुसऱ्या कडव्याशी अडते, असं तूच मागे कळवलंस.

मग ऋषभने विचारलं, "शाम को फाइल बंद कौन करता है?" ती कोणीच बंद करत नाही! अध्यक्ष लक्ष्मीकांतराव पडले दरबारी घराण्यातले. त्यांच्याआधी आपण फाइल बंद करणं म्हणजे पंगतीतून थोरल्यांआधी उठणं. आणि ते स्वतः कशाला बंद करतील? (दार लावायलासुद्धा त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माणूस असे.) ते "चला, येतो" म्हणून निघतात, मागोमाग आम्ही, आणि शिपाई संताजी पाचाच्या ठोक्याला मेन स्विच खाली ओढतो. तिन्हीकडे उघडी असलेली फाइल रोज अशी अंधारात आपटते. तिसऱ्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या सुमनबाईंना म्हटलं, तुम्ही तरी बंद करत जा. तर म्हणतात, "अहो, मी कशी करू? साहेब बसलेत ना अजून!" साहेब तेव्हा खुर्चीत घोरत होते. आमच्या इंदुरी बोलीत सांगायचं तर, काय अदब आहे भिया! तिच्यापायी कविता गेल्या तरी चालतील.

कळावे, लोभ आहेच, फाइल तेवढी नाही.

तुझा,
विश्वासमामा

ता.क. दिवाळीत तू फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर नेली होतीस. तिच्यात ताईची कविता असेल. आधी ती शोध. सापडली तर ताईला वाचून दाखव, मला मागाहून पाठव. आणि पाच वाजायच्या आत सगळ्यांची फाइल, कोणाचाही मुलाहिजा न ठेवता, आपोआप बंद होईल असं काहीतरी कर.

ता.क. २ ऋषभच्या प्रश्नाने लक्ष्मीकांतराव दुखावले आणि त्यांनी राजीनामा दिला. आजपासून अध्यक्षपद माझ्याकडे आलंय. तेव्हा ते आपोआप बंद होण्याचं बाकीच्यांपुरतं ठेव. आज सुमनबाईंनी माझ्यादेखत आपली फाइल बंद केली. विचारलं नाही, काही नाही. मी बसलो होतो ना अजून!