सातवा पिंजरा आणि फाटकाची कडी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, शहराच्या कुत्र्यांच्या कोंडवाड्यातली निवृत्त नोंद-कारकून, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करायलाही काही नाही. मधूनमधून पाल्हाळ वाटलं तर सोसावं. तीस वर्षं मी दुसऱ्यांनी आखलेल्या रकान्यांत लिहिलं, हा कागद माझा आहे.

एक. माझ्या रक्ताचं माणूस आता एकच, धाकटा भाऊ. त्याची बायको म्हणजे माझी भावजय. त्यांना मूलबाळ नाही. माझ्या घरात एक म्हातारी कुत्री आहे, तिचं नाव पेन्शन. मी निवृत्त झाले त्याच आठवड्यात ती कोंडवाड्यातून माझ्याबरोबर घरी आली, आणि खऱ्या पेन्शनीपेक्षा वेळेवर हजर असते.

दोन. बँकेतली ठेव आमच्या समितीला द्यावी. ही समिती कोंडवाड्यातून सोडवलेली आजारी कुत्री पत्र्याच्या दोन शेडमध्ये सांभाळते. त्यातून औषधं घ्यावीत, गोणपाट घ्यावेत, पाण्याची टाकी एकदाची दुरुस्त करावी. माझ्या फोटोवर आणि फलकावर काही घालवू नये. समितीच्या चिटणिसांना फलकांची फार हौस आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

तीन. कपाटामागे एक काठी आहे, तिच्या टोकाला फास आहे. कुत्रे पकडायची काठी. ती सरकारी मालमत्ता आहे आणि मी ती उचलून आणली आहे, हे कबूल करते. फास तारेचा होता, मी तार काढून त्यावर सुती दोरी बसवली. अशा काठ्या द्या म्हणून चार वर्षं अर्ज केले. तेव्हाचे अधीक्षक म्हणत, "बाई, कुत्र्यांना आता मफलर पण विणा." ही काठी त्यांना द्यावी. ते अजून हयात आहेत आणि चालताना काठी लागते असं ऐकते.

चार. वरच्या मजल्यावरचे शेजारी पेन्शन जिन्यात बसली की वरून पाणी ओततात. त्यांना माझी छत्री द्यावी. का, ते त्यांना कळेल.

पाच. हे राहतं घर, दोन खोल्या आणि मागचं अंगण, माझ्या भावजयीला द्यावं, तिच्या एकटीच्या नावावर. भाऊ म्हणेल, ताईचं डोकं फिरलं. म्हणून कारण लिहिते. हे कलम भावाने स्वतः, मोठ्याने, बायकोसमोर वाचावं अशी माझी अट आहे.

बावीस वर्षांपूर्वी आमच्या कोंडवाड्यात ओळीने सात पिंजरे होते. नवा कुत्रा फाटकाजवळच्या पहिल्या पिंजऱ्यात जायचा. रोज संध्याकाळी माणसं प्रत्येक कुत्र्याला एक पिंजरा मागे सरकवायची. मालक आला नाही तर सरकत सरकत तो भिंतीलगतच्या सातव्यात पोचायचा, आणि दुसऱ्या सकाळी आठला डॉक्टर सुई घेऊन थेट सातव्याशी जायचे. चिठ्ठी नाही, पाटी नाही. कुत्रा कुठे बसलाय यावरून त्याचे दिवस भरले की नाही ते कळायचं. मालकांच्या चौकशीची माझी खिडकी दहाला उघडायची. ही पद्धत माझ्याआधीच्या कारकुनाने बसवली होती आणि मी ती वीस वर्षं बिनतक्रार चालवली.

भावाकडे मास्तर नावाचा कुत्रा होता. डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, चष्मा लावून वर्गावर नजर ठेवल्यासारखा बसायचा. एका संध्याकाळी सरकवासरकवी झाल्यावर गाडी आली आणि गाडीतून मास्तर उतरला. मला बघून अंगावर उड्या मारायला लागला. गाडीवाला म्हणाला, "मागच्या भिंतीवरून उडी मारून आला बघा बाई, आमच्या डोळ्यांदेखत. फाटकाला कडी होती. एका कुत्रीच्या मागे लागला होता."

भावाचं घर तिथून चालत वीस मिनिटं. मी गेले नाही. आदल्याच रविवारी तो माझ्याकडे जेवताना म्हणाला होता, "ताई, तू कारकून कसली, जेलर आहेस." ते मला लागलं होतं. वाटलं, एक रात्र शोधू दे. सकाळी रांगेत उभा राहून विचारेल, "ताई, आमचा मास्तर आलाय का गं?" मग बघू.

तोवर मास्तरला नीट ठेवावं म्हणून मी जागा शोधली. पुढच्या पिंजऱ्यांत सकाळी पाण्याचा फवारा अंगावर येतो, भुंकाभुंकही फार. सातवा सावलीत, शांत, आणि त्या दिवशी रिकामा होता, कारण सहाव्यातली कुत्री दुपारीच मालक सोडवून घेऊन गेला होता. मी स्वतः मास्तरला सातव्यात नेलं. खाली गोणपाट घातलं. पट्टा ओला होता, तो काढून खुंटीवर वाळत टाकला. रजिस्टरात नोंद केली नाही, म्हटलं सकाळी तर जाणारच आहे.

मला ती पद्धत झोपेतही पाठ होती. पण माझ्या डोक्यात मास्तर कोंडवाड्यातला कुत्रा नव्हताच, तो घरचा होता. दुसऱ्या दिवशी मी पावणेदहाला पोचले तेव्हा सातवा पिंजरा धुऊन झाला होता.

भाऊ साडेदहाला आला. खरोखर रांगेत उभा राहिला. मी म्हटलं, "नाही रे, इकडे नाही आला," आणि रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं. रजिस्टर खोटं बोलत नव्हतं, त्यात नोंद नव्हती.

मग त्याने ठरवून टाकलं की फाटक बायकोने उघडं टाकलं. संध्याकाळी शेवटची तीच आत आली होती. ती सांगत राहिली की मी कडी लावली होती. सहा महिने भांडली, मग गप्प झाली. तेव्हापासून तिच्या घरात काही हरवलं, काही सांडलं, की भावाचं एकच वाक्य असतं, "तू काय, फाटक उघडं टाकणारी." चारचौघांत म्हणतो, लोक हसतात. ती अजून बाहेर पडताना तीनदा मागे फिरून कडी ओढून बघते. मी बावीस वर्षं मूग गिळून बसले. एकदा तर त्या वाक्याला मीही हसले.

पुढचं लोकांना माहीत आहे. मी पिंजऱ्यांवर पाट्या लावायला लावल्या, सरकवणं बंद पाडलं, सुट्टीचे दिवस मोजायचे नाहीत असा नियम करून घेतला, आणि खिडकी आधी उघडेल, डॉक्टर नंतर येतील, हेही. शेकड्याने अर्ज केले. निवृत्तीनंतर चार वर्षं, कुत्रा शोधत येणाऱ्यांना मदत करायला, कोंडवाड्याच्या फाटकासमोर स्टूल टाकून बसले. माझा सत्कार झाला तेव्हा कुणीतरी विचारलं, या कामाला सुरुवात कशी झाली. मी म्हटलं, मुक्या जनावरांची दया आली. भाऊ आणि भावजय दुसऱ्या ओळीत बसून टाळ्या वाजवत होते.

कडी लावलेली होती. हे घर त्याची भरपाई नाही, भरपाई होत नाही. पण तिला स्वतःचं दार असावं, आणि ते उघडं टाकायचं की बंद, हे तिने एकटीने ठरवावं.

सहा. मास्तरचा पट्टा शिलाई मशीनच्या खणात आहे. तो भावाला द्यावा. पेन्शनला भावजयीने सांभाळावं, तिची हरकत नसेल तर. औषधाची गोळी भाकरीत लपवली तर भाकरी खाते आणि गोळी ठेवते, तेव्हा सरळ घशात घालावी.

पुरवणी, पाच दिवसांनंतर, त्याच हाताने.

वरचा कागद घेऊन मी साक्षीच्या सहीसाठी डॉक्टरांकडे गेले, तेच कोंडवाड्याचे जुने डॉक्टर. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग म्हणाले, "बाई, सुई माझ्या हातात होती. तो शेपूट हलवत पुढे आला होता, म्हणून लक्षात राहिला. कुणाचा ते आज कळतंय." मी म्हटलं, सही करा. ते म्हणाले, "करतो. पण त्या बाईने सुटायला तुमच्या मरणाची वाट का बघायची? तुम्ही शंभर वर्षं जगलात तर?"

मी दोन दिवस त्यांच्यावर चिडून होते. तिसऱ्या दिवशी रिक्षा करून भावाकडे गेले. दोघांना समोर बसवलं आणि पाचवं कलम वाचून दाखवलं. भावाला वाचायला लावण्याची अट मी मोडली, ते माझ्याच तोंडून जायला हवं होतं.

भाऊ म्हणाला, "एका रात्रीसाठी, ताई?" मग बायकोकडे वळून म्हणाला, "अगं," आणि उठून तिच्यासाठी पाणी आणायला आत गेला.

भावजय म्हणाली, "वन्सं, मला मधे मधे वाटायला लागलं होतं की खरंच मी उघडं टाकलं असेल. माझाच माझ्यावर विश्वास उरला नव्हता." मी माफी मागितली. तिने माफ केलं असं म्हटलं नाही, आणि मी तसं इथे लिहिणार नाही.

निघताना तिने विचारलं, "याच्यावर सह्या कुणाच्या लागतात?" मी सांगितलं, दोन साक्षीदार, एक डॉक्टर, दुसरा बघायचा आहे. ती म्हणाली, "दुसरी मी करते." मी म्हटलं, वकिलाने बजावलंय, ज्याला यातून काही मिळतं त्याने साक्ष केली तर त्याचं मिळणं जातं, तुझं घर जाईल. ती म्हणाली, "जाऊ दे. घर घेतलं तर लोक म्हणतील, घरासाठी वन्संकडून लिहून घेतलं. मला त्या कागदावर माझं नाव पाहिजे. आणि कुत्रीला मृत्युपत्रात कशाला अडकवता, मी येऊन घेऊन जाते."

सबब, पाचव्या कलमातलं घर भावजयीला देण्याचं मी रद्द करते. त्यातला बाकी प्रत्येक शब्द कायम आहे. घर समितीला द्यावं आणि मागच्या अंगणात पाय मोडलेली कुत्री ठेवावीत. सहावं कलमही रद्द, पट्टा मी आज फाटकापाशीच भावाच्या हातात दिला आणि पेन्शनही आज माझ्या हयातीतच जात आहे. तिचं गोणपाट आणि गोळ्या बांधून दाराशी ठेवल्या आहेत.

डॉक्टर आणि भावजय, दोघे आत्ता माझ्यासमोर टेबलाशी बसले आहेत. भाऊ आत आला नाही. तो फाटकापाशी उभा आहे, हातात मास्तरचा पट्टा आहे, आणि पेन्शन त्याच्या पायावर बसली आहे. तिला कुठेही बसायची सवय आहे.

ठिकाण: राहतं घर, मागची खोली.
दिनांक: अकरा, मंगळवार, दुपारी चार.

लिहून देणार: (सही) निवृत्त नोंद-कारकून, कुत्र्यांचा कोंडवाडा

साक्षीदार एक: (सही) कोंडवाड्याचे निवृत्त पशुवैद्य. लिहून देणार बाईंनी आमच्या दोघांसमोर सही केली. पाचव्या कलमातली सकाळ मला आठवते.

साक्षीदार दोन: (सही) लिहून देणार बाईंची भावजय. मी सगळं वाचलं. कडी मी लावली होती.