भैरवीचं पान

आबा, दुपारी तीनपासून माझे हात गार पडले आहेत. बाहेर जळगावचं ऊन असं, की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उतरवून थेट चहा टाकावा, आणि मी मात्र अंगावर ओढणी घेऊन बसले आहे. आता साडेपाच वाजलेत. उद्या सकाळी दहाच्या आत मला पेपरसाठी तीन ओळींचा खुलासा लिहून द्यायचा आहे, आणि त्या तीन ओळींपायी अडीच तास खोलीत येरझाऱ्या घालते आहे. फोन पालथा ठेवलाय. तो वाजला की हात मागे घेते, आणि वाजला नाही तरी उलटून बघते. शेवटी बॅगेच्या तळातून तुम्ही शिकवणीत दिलेली गाण्याची वही काढली. तिच्यात मागची थोडी पानं कोरी होती. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, उत्तर येणार नाही हे मलाही कळतं. पण या गावात मला रागावायचा हक्क असलेलं कुणीच नाही, आणि आज कुणीतरी रागवायला हवं आहे.

मी आता पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, दुपारनंतर इथल्या एका दैनिकात उमेदवारी. म्हणजे रक्तदान शिबिरं, सत्कार, निधनवार्ता. आमचे वृत्तसंपादक, त्यांना सगळे भाऊच म्हणतात, माझी कॉपी वाचून म्हणतात, "पोरगी वाक्य नीट टाकते." परीक्षा झाली की मला कायम करायचं त्यांच्या मनात आहे. आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिने शेजारच्या काकूंना बोलावून पुन्हा माझ्या तोंडून वदवून घेतलं. धुळ्याच्या आमच्या गल्लीत आता मी पत्रकार झालेच आहे, फक्त मला ते अजून कळवलेलं नाही. कारण बातमी लिहिताना मी मनात बोटांवर मात्रा मोजत असते. जिल्हाधिकाऱ्यांचं भाषण चालू असतं आणि मी ऐकत असते ते मागच्या पंख्याचा सूर कुठे लागलाय. हे कुणाला सांगायचं? गाणं सोडून नऊ-दहा वर्षं झालेल्या माणसाने गाण्यावर प्रेम आहे म्हणावं, याला लोक हसतील. मीही हसले असते.

काल रविवारी इथे सकाळची मैफल होती. पाचोऱ्याची एक मुलगी गाणार होती, माझ्याच वयाची, तिची मोठ्या सभागृहातली पहिली मैफल. भाऊ म्हणाले, "तुला गाण्यातलं कळतं, तूच जा. रविवारी पान लवकर सोडायचंय, बारापर्यंत बातमी दे." मी तिसऱ्या रांगेत बसले. तिने तोडी सुरू केली आणि पहिल्या पाच मिनिटांतच मला कळलं की ही मुलगी घाबरलेली आहे. पण सूर जागेवर होता, आबा. घाबरत घाबरत ती सुरावर उभी होती. मी वहीत एक शब्दही लिहिला नाही. मग छातीत काहीतरी दुखायला लागलं. आधी वाटलं मत्सर असेल, आणि होताच थोडा. पावणेअकराला, तिचं गाणं ऐन रंगात असताना, मी उठले आणि खाली वाकून, लोकांच्या गुडघ्यांना धक्के देत बाहेर पडले. ऑफिस रिक्षाने दहा मिनिटांवर. बारापर्यंत वेळ होता. मी साडेअकरालाच बातमी देऊन मोकळी झाले, आणि शेवटी लिहिलं, "भैरवीने मैफलीची सांगता झाली. श्रोते मंत्रमुग्ध झाले."

मैफल भैरवीनेच संपते. नंतर कोणी गात नाही. हे ज्याला गाण्यातलं काही कळत नाही त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो विचारून तरी लिहितो. मला कळत होतं, म्हणून मी विचारलं नाही. आज कळलं, मी उठून गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी तार षड्जावर तिचा आवाज फाटला. तिने पुन्हा लावला, पुन्हा फाटला. मग तिने हात जोडले, "माफ करा" म्हणाली आणि तंबोरे चालू असतानाच उठून आत गेली. भैरवी झालीच नाही. आज सकाळी आमचा पेपर आला आणि दहाच्या आत कुणीतरी कात्रणाचा फोटो काढून फोनवरून गावभर फिरवला. खाली लिहिलं होतं, "ज्यांनी ही भैरवी ऐकली त्यांनी हात वर करा." हसणारे चेहरे किती होते ते मी पाहिले नाहीत. हसं माझं व्हायला हवं होतं, झालं तिचं.

तीन वाजता तिचा फोन आला. नंबर तिने कुठून मिळवला माहीत नाही. मला वाटलं ओरडेल, रडेल. ती अगदी शांत होती, आणि आवाज बसलेला होता. "ताई, तुम्ही शेवटपर्यंत होता का?" मी हो म्हणाले. का म्हणाले, देव जाणे. तोंडातून निघून गेलं. ती म्हणाली, "मग सांगा ना, माझी भैरवी कशी झाली?" तिने बराच वेळ वाट पाहिली आणि फोन ठेवला. तेव्हापासून हात गार आहेत.

त्याआधी दुपारी ऑफिसात गेले तेव्हा भाऊ रागावतील असं वाटलं होतं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला आणि म्हणाले, "असं होतं गं. या धंद्यात कोणाचं झालं नाही? मीपण न गेलेल्या सभांच्या बातम्या लिहिल्यात. खुलासा लिही. आयोजकांनी दिलेल्या माहितीनुसार असं टाक, त्यांच्या माथी मारून मोकळी हो. दोन दिवसांनी कोणाच्या लक्षात राहणार नाही." मग हसून म्हणाले, "आता तू पक्की पत्रकार झालीस." आबा, त्यांनी हे मायेने म्हटलं. मला मात्र त्या वाक्याची इतकी भीती वाटली की चहा तसाच ठेवून मी खोलीवर निघून आले. आयोजकांनी मला काहीच सांगितलं नव्हतं. पण लिहिलं तर खपून जाईल. माझं खोटं खपून जातं, हे मला चौदाव्या वर्षापासून माहीत आहे.

तुमचं स्वयंपाकघर आठवतंय. दीपनगरच्या वीज केंद्रातली नोकरी संपवून तुम्ही धुळ्यात आलात, दोन खोल्यांत राहिलात, आणि पुढच्या खोलीत धाकट्या नातवंडांचा गोंधळ म्हणून शिकवणी स्वयंपाकघरात. तुमच्या सूनबाई शाळेत नोकरीला, म्हणून दुपारची चूल तुमच्याकडे. गॅसवर भरताचं वांगं भाजत असतं, सालीचा वास सुटलेला असतो, आणि तुम्ही एका हाताने देठ धरून वांगं फिरवता आहात, दुसऱ्या हाताने ओट्यावर ताल देता आहात. तुमचा डावा कान मंदावला होता. तंबोरा लावताना तुम्ही त्याच्या दांडीला गाल टेकवायचात आणि डोळे मिटून हाडातून सूर ऐकायचात. मी पहिल्या दिवशी आल्या आल्या गायला तोंड उघडलं तर तुम्ही चिमट्याने जमीन दाखवली. "आठे बस. पयले आयक, मंग गा." तो पहिला महिना मी नुसतं ऐकलं आणि लसूण सोलला.

त्या पहिल्याच दिवशी तुम्ही ही वही दिलीत. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. सगळ्यांना तशीच द्यायचात आणि देण्याआधी तिचं शेवटचं पान उघडून वर तुमच्या तिरक्या, लांब शेपट्यांच्या अक्षरात लिहायचात, 'भैरवी'. खाली पान कोरं. बाकी सगळं पुढून भरत जायचं, ते पान तुम्ही स्वतः भरणार, आणि तेही शिकणं पुरं झाल्यावर. मी फार मागे लागायचे. तुमचं उत्तर ठरलेलं. "आते नही. भैरवी उनी का मंग तू घर जावाले मोकळी." मला वाटायचं तुम्ही उगाच ताणता आहात. तुमच्याकडून भैरवी घेऊन गेलेली माझ्यासमोर एकच ताई, आणि ती जाताना ओट्याला डोकं टेकवून रडली होती.

आणि एकदाच रागावलात ते. दुसरी मुलगी गात होती, बेसूर गात होती, आणि मी मध्येच उठून माठाकडे गेले. तुम्ही तिला थांबवलं नाहीत. तिचं होईपर्यंत माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. मग म्हणालात, "तुले तहान लागनी व्हती का कटाळा उना व्हता?" मी हातातला पेला पाठीमागे लपवला. "कोन्ही गाई ऱ्हायनं ना, तवलोंग उठानं नही. गानारा उठना का मंग आपन उठानं." आवाज चढला नव्हता. पण तो पेला मी तसाच माठावर ठेवला, पाणी न पिता. काल सभागृहात गुडघ्यांतून वाट काढताना तो पेला मला दिसला, आबा. तरी मी थांबले नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. तुम्ही आजारी पडलात तेव्हा सूनबाई आमच्या घरी आल्या. म्हणाल्या, आबा सारखे म्हणताहेत, "पोरले धाडी द्या, तिनं शेवटनं पान बाकी शे." आईने मला वेणी घालून, वही देऊन पाठवलं. मी सायकलवरून तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आले. तुमच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आतून तुमच्या खोकल्याचा आवाज येत होता, असा खोकला मी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, भैरवी घेतली की तुम्ही जाणार. तुम्हीच म्हणायचात ना, ती आली की मोकळं. मी सायकल वळवली आणि पांझरेच्या पुलावर जाऊन बसले, तासभर. मग घरी आले. आईने विचारलं, "शिकवली का?" मी हो म्हणाले. अगदी तसंच, आज फोनवर म्हणाले तसं.

दोन दिवसांनी तुम्ही गेलात. माणसं भेटायला येत होती आणि आई प्रत्येकाला सांगत होती, "शेवटची भैरवी हिलाच दिली." आईने मला पाठवलं त्या दुपारी सूनबाई शाळेत होत्या, म्हणून त्यांनाही ते खरं वाटलं, त्यांनी मला जवळ घेतलं. सगळे माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, की खरं सांगायची हिंमतच राहिली नाही. पुढे शाळेच्या कार्यक्रमात बाई म्हणाल्या, आबांची भैरवी म्हण. मी पोट दुखतंय म्हणून घरी पळाले. मग तुमच्यानंतर लावलेला क्लास सोडला, मग गाणंच. तेव्हापासून कुठलीही मैफल असो, भैरवी जवळ आली की मी उठते. लोक विचारतात, गात का नाहीस, तर सांगते, गाण्यावर पोट भरत नाही. पत्रकाराला कोणी गा म्हणत नाही, ही या नोकरीतली मला आवडलेली पहिली गोष्ट.

म्हणून मला भीती कशाची वाटते ते आज नीट कळलं. नोकरी जाईल याची वाटतेच, खोटं कशाला बोलू. आई शेजारच्या काकूंना काय सांगेल याचीही वाटते. पण जास्त भीती याची, की नोकरी राहील. भाऊ खुर्ची पुढे करत राहतील, मी वाक्यं नीट टाकत राहीन, आणि प्रत्येक ठिकाणाहून शेवटाच्या आधी उठून येऊन शेवट लिहीत राहीन. आणि गाण्याकडे परत जावं म्हटलं, तर तिथेही मी तेच करून आले आहे. त्या मुलीचा आवाज भर सभेत फाटला, तरी तिने खोटी भैरवी म्हटली नाही. हात जोडून उठली. उद्या ती पुन्हा गाऊ शकेल.

मधली वीस मिनिटं ही वही बाजूला ठेवली होती. खुलासा लिहिला. "रविवारच्या मैफलीच्या बातमीत भैरवीने सांगता झाल्याचे म्हटले होते. ते खरे नाही. बातमी लिहिणारी उमेदवार मैफल संपण्यापूर्वीच उठून गेली होती व तिने कोणालाही न विचारता ते वाक्य लिहिले. गायिकेची व वाचकांची क्षमा मागते." भाऊंना फोनवर पाठवला. त्यांनी वाचला, निळ्या खुणा आल्या. त्या मुलीला फोन लावायचा आहे. दोनदा नंबर काढला, दोनदा बंद केला. तुम्ही मला म्हणायचात, "घाबरनी तर घाबरनी, पन सूर सोडू नको." हे पान संपलं की लावते.

पान संपतच आलंय. लिहीत लिहीत मी वहीच्या टोकाला पोचले, आणि हे उलटलं की भैरवीचं. ते कोरं नाही, आबा. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने बघायला मागितलं होतं. वरचा एक शब्द तुमचा आहे. खालच्या आठ ओळी मी वाचनालयातल्या पुस्तकातून उतरवल्या, तिरक्या, लांब शेपट्या काढून, तुमच्या अक्षरात.