नागीण आणि नोंदवही

११ फेब्रुवारी
उजव्या बरगडीखाली आग आग होतेय. परवा नुसती खाज होती, आज फोड! वणवा-दलाच्या नव्या युनिफॉर्मचं कापड घासलं असणार. दलाच्या शेडमध्ये सगळ्यांचीच तक्रार आहे. कॅलामाइन लावलं.

१३ फेब्रुवारी
फोड पार पाठीपर्यंत. कपडा टेकला तरी जीव जातोय. शेजारची थेल्मा भोपळ्याचं सूप घेऊन आली. वणव्यात नवरा जाऊन पाच आठवडे झाले तिचा, आणि ही माझी काळजी घेते! फोड पाहिले नि मला गाडीत कोंबलं.

डॉक्टर पोरगेलासा. नागीण, म्हणाला. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू अंगात दबा धरून असतो, तो उठलाय. गोळ्या दिल्या, वर उशिरा आलात म्हणून बोलला. मग विचारलं, "मनावर काही ताण?"

थेल्मा शेजारीच बसली होती. "छे," मी म्हटलं.

ताणानेच उठते असं ठामपणे सांगता येत नाही, वयही असतं, पण संबंध असू शकतो म्हणाला. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिले.

१४ फेब्रुवारी
झोप नाही.

१६ फेब्रुवारी
शेडमध्ये गेले. वणव्यातल्या मृत्यूची चौकशी चोवीसला. आमचा कॅप्टन डेस म्हणाला, तुझ्या रेडिओच्या नोंदवहीमुळे दलाची अब्रू वाचली. मग नेहमीचंच — "थेल्माचा क्लॅरी म्हणजे खेचर! निघ म्हटलं तर निघेल होय तो?" सगळे हळहळत हसले. बरगडीत अशी कळ आली की खाली बसले.

१७ फेब्रुवारी
इथे तरी खरं लिहावं.

त्या दिवशी रेडिओवर मी होते. पावणेचारला क्लॅरीने मेंढवाड्यातून विचारलं, निघू का? मी म्हटलं, "थांब, बंब येतोय." बंब तर कधीच दुसरीकडे वळवला होता. मला कळवलंही होतं, त्या धांदलीत विसरले! तो माझ्या शब्दावर थांबला. संध्याकाळी मी वहीत लिहिलं: निघायला सांगितलं.

मेलेल्या माणसाला हट्टी ठरवलं मी. आमचं चॅनल कुठे रेकॉर्ड होत नाही. एरवी घरोघरी स्वयंपाकघरात दलाचं बोलणं ऐकायचा रेडिओ-स्कॅनर चालू असतो, पण त्या दिवशी जो तो पळत होता. कुणी ऐकलं नाही.

१९ फेब्रुवारी
पाठीपर्यंत माझा हात पोचत नाही. औषध थेल्माच लावते. सांगायला तोंड उघडलं आणि पावसाबद्दल बोलले! भित्री मेली.

२१ फेब्रुवारी
डेसला फोन केला. नोंद खोटी आहे, म्हटलं. तर म्हणाला, नागिणीने तुझं डोकं फिरलंय, पडून राहा. फोन ठेवला त्याने.

आता थेल्मालाच सांगायला हवं. ती परत तोंड बघणार नाही माझं.

२२ फेब्रुवारी
सांगितलं. सगळं. कापसाचा बोळा तिच्या हातात तसाच राहिला.

"मी त्या दिवशी बहिणीकडे होते," ती म्हणाली. "तिचा स्कॅनर चालू होता, लॉरेन. रोज येत होते ते तू कधी सांगतेस हे बघायला."

मग म्हणाली, "वळ. पाठ राहिलीय."