सगळे हाल्डेनबाख

१४ सप्टेंबर १९९७
काम मिळालं. याला नोकरी म्हणायचं का, असं सुधीरने विचारून घेतलंच. नवऱ्याचा धर्म.

रुमैथियात एका कुवेती घरी आठवड्यातून दोन सकाळी जायचं आणि जर्मन पुस्तकं वाचून त्यांत काय आहे ते इंग्रजीत सांगायचं. पुण्यात केलेला जर्मनचा डिप्लोमा लग्नानंतर ट्रंकेच्या तळाशी गेला होता. इथल्या वाळवंटात तो कामी येईल असं कोणाला वाटलं होतं!

घरमालक अबू खालिद. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. नाव लांब आहे, इथे अ.खा. पुरे. पुस्तकं त्यांच्या मुलाची, खालिदची. तो जर्मनीत शिकत होता, नव्वदच्या उन्हाळ्यात सुट्टीला घरी आला आणि मागोमाग इराकी सैन्य आलं. शरद संपता संपता त्याला दारातून उचलून नेलं. त्यानंतर आजतागायत काही नाही. जिवंत नाही, मेला नाही.

अ.खा. हे सगळं प्रार्थनेनंतरची सूचना वाचावी तसं सांगतात. मीही मान हलवत ऐकलं. परतताना टॅक्सीवाल्याला घराचा पत्ता दोनदा चुकीचा सांगितला.

२१ सप्टेंबर
पुस्तकं खोक्यांत आहेत. लुटीत या घरातून फ्रीज, गालिचे, भिंतीवरचे दिवे, न्हाणीघरातले नळसुद्धा गेले. जर्मन पुस्तकांना मात्र कोणी बोट लावलं नाही.

खोकी उघडली आणि चक्रावले. एका प्रदर्शनाचा चित्रसंग्रह: चित्रकार ओटो हाल्डेनबाख. तीन कवितासंग्रह: लोटे हाल्डेनबाख. अरबांच्या जुन्या खगोलशास्त्रावर विटेएवढा ग्रंथ: प्रा. हेल्मुट हाल्डेनबाख. आणखीही बरीच, गुन्हेगारी कादंबरीपासून चर्चमधल्या ऑर्गनपर्यंत. सगळ्यांचं आडनाव तेच. दुसऱ्या आडनावाचं एक पुस्तक नाही.

अ.खा. माझ्या तोंडाकडेच बघत होते. म्हणाले, "कळलं ना, उम्म रेवा?" (इथे आई मुलांच्या नावाने ओळखली जाते. रेवाला हे भलतंच आवडतं.) "हे एक घराणं आहे. विद्वान घराणं. माझा मुलगा त्या घरात जात-येत होता. उगाच कोणी एका घराची पुस्तकं जमवतं का? मुलगी असणार. तुम्ही ते घर शोधा."

मग अगदी हळू, "मूलही असेल. आता शाळेत जात असेल."

मी "बघते" म्हणाले. असं म्हणायला नको होतं.

५ ऑक्टोबर
अ.खा.नी पुस्तकांसाठी भिंतभर फळ्या करायला घेतल्या. सुतार अब्बासियाहून, इथल्या भारतीयांच्या वस्तीतून आला. आपलाच मराठी माणूस. नाव विचारलं तर नांदगावकर! मी नांदगावकर, तोही नांदगावकर. दोघं क्षणभर बघत राहिलो.

"तुमी खंयचे?"

"नाशिककडचे. मनमाडजवळचं नांदगाव."

"आमचा नांदगाव कणकवलीकडे."

निकाल लागला. कुलदैवतापर्यंत जायची गरजच पडली नाही. तो रंधा मारायला लागला, मी वाचायला.

अ.खा. मात्र हरखले. जेवायला दोघांना एकाच ताटाशी बसवलं, तुमचा दीर म्हणून. मासा आणि भात. बिचारा सुतार संकोचाने कडेकडेचा भात खात होता. मी सांगितलं, आम्ही एकमेकांचे कोणी नाही, आमच्याकडे नांदगावं पुष्कळ.

"नाव एक, भाषा एक, आणि कोणी नाही?" अ.खा.ना ते पटेचना. "मग यातला एक हरवला तर शोधायला कोण जातं?"

मी माशाचे काटे काढत बसले.

१६ नोव्हेंबर
प्रस्तावना, मलपृष्ठं, लेखकपरिचय, सगळं वाचून झालं. ओटो उत्तरेकडच्या कोळ्याचा मुलगा. लोटे दक्षिणेतली, पाद्र्याची मुलगी. हेल्मुटचं कुटुंब युद्धानंतर पूर्वेकडून नेसत्या कपड्यांनिशी आलेलं. बाकीचेही असेच चार दिशांचे. हाल्डेनबाख म्हणजे उतारावरचा ओढा. उतार तिथे ओढा, ओढा तिथे वस्ती, आणि वस्तीवरून आडनाव. आपल्या नांदगावासारखंच.

रात्री सुधीर म्हणाला, सांगून टाक. रेवा वहीतून मानही वर न करता, "जस्ट टेल हिम, आई. इट्स नॉट युवर प्रॉब्लेम."

२३ नोव्हेंबर
सांगितलं. अ.खा.नी शांतपणे ऐकून घेतलं. मुख्याध्यापक आहेत, खोटी कारणं ऐकायची सवय आहे.

"घरातल्या गोष्टी कोणी प्रस्तावनेत छापतं का? तुम्ही पत्रं लिहा. सगळ्यांना."

खोलीच्या कोपऱ्यात उम्म खालिद असतात. रोज असतात. हातात माळ. माझ्याशी चहापुरतं बोलतात, पुस्तकांबद्दल अवाक्षर नाही. आज मात्र मी निघताना दारापर्यंत आल्या. वफ्रा गावच्या मळ्यातल्या खजुरांची पिशवी हातात दिली.

८ डिसेंबर
प्रकाशकांच्या पत्त्यांवर पत्रं गेली. जर्मन वाक्य जुळवताना घाम फुटला. क्रियापद शेवटी ठेवायचं लक्षात होतं, पण त्या शेवटापर्यंत पोचताना आपण एका बापाबद्दल लिहितोय हे विसरायला होतं. कदाचित तेच बरं.

२ मार्च १९९८
तीन उत्तरं.

लोटेच्या प्रकाशकाचं: बाई वारल्या, अविवाहित होत्या, मागे कोणी नाही.

ऑर्गनवाल्या गृहस्थांनी छापील दिलगिरी पाठवली.

ओटोचं स्वतःच्या हाताने, भल्यामोठ्या अक्षरांत. वय झालंय, पण अक्षर अजून कुंचल्याचंच. इतर हाल्डेनबाखांशी आपलं काही नातं नाही, खालिद नावाचं कोणी आठवत नाही. प्रदर्शनाला शेकडो लोक येत, आला असेल तर माहीत नाही. खाली अजून चार ओळी: "माझा धाकटा भाऊ युद्धावरून आला नाही. कळवलंही नाही कोणी. आई मरेपर्यंत मागच्या दाराला कडी लावत नसे. मुलाच्या वडिलांना हे सांगा किंवा सांगू नका, तुम्ही ठरवा."

मी ठरवलं आणि सांगितलं. अ.खा.नी पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग, "मागचं दार?"

"हो."

"आम्ही पुढचं उघडं ठेवतो."

प्रा. हेल्मुटचं काहीच आलं नाही. आता सगळी मदार त्यांच्यावर. अ.खा.च्या मते ज्याला अरबी येतं त्याच्याच घरात अरब जावई जाणार. तर्क वाईट नाही. पंचाईत तीच.

२० डिसेंबर १९९८
पुण्याची सुट्टी, रेवाच्या कांजिण्या, मधले महिने रोजनिशी कोरीच. आज लिहायलाच हवं.

प्राध्यापकांचं पत्र आलं. ते आजारी होते, पत्र विद्यापीठात पडून राहिलं होतं. त्यांना एक अरब विद्यार्थी आठवतो. नाव आठवत नाही. काखेत ओटोचा चित्रसंग्रह घेऊन न कळवता त्यांच्या खोलीत आला आणि म्हणाला, "तुम्ही चित्रकार हाल्डेनबाखांचे कोण?" हे म्हणाले, कोणी नाही. तो हसला. "कवयित्रीबाईसुद्धा हेच म्हणाल्या." तो असाच विचारत हिंडत होता म्हणे. कारण विचारलं तर म्हणाला, "आमच्याकडे एका नावाची माणसं कुठेही असली तरी एकमेकांची असतात. इथे तसं नाही, यावर माझा विश्वास बसत नाही." प्राध्यापक त्याला घरी घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत ताऱ्यांच्या अरबी नावांवर गप्पा. प्राध्यापकांच्या बायकोने प्लमचा केक केला होता, त्याने मागून दुसरा तुकडा घेतला. पुन्हा कधी आला नाही. त्यांना मूलबाळ नाही.

म्हणजे मुलगी नाही. घराणं नाही. नातू नाही. एका पोराची गंमत होती, आणि एक दुपार.

उद्या वाचून दाखवायचं आहे. झोप लागणं कठीण.

२१ डिसेंबर
शब्द न गाळता वाचलं. केकपाशी अ.खा.नी हात वर केला.

"खालिद गोड खात नसे. चहातसुद्धा साखर नाही. हा दुसराच कोणी मुलगा." उठून उभे राहिले. चेहरा उतरला की सुटका झाली, मला कळेना. मुलगा दुसरा असेल तर घर अजून सापडायचं आहे. मूल अजून शाळेत जातं आहे.

मी पत्राची घडी घालायला लागले तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. उम्म खालिद. अरबीत, पण मला समजेल इतकं सावकाश.

"दुसऱ्यांच्या घरी खायचा तो. कोणी प्रेमाने केलेलं असलं की त्याला नाही म्हणता यायचं नाही. शेजारी तर मागून घ्यायचा."

"मला हे माहीत नव्हतं," अ.खा. म्हणाले.

"तुम्ही शाळेत असायचात."

अ.खा. खाली बसले. घड्याळाकडे बघत मला विचारलं, "मग मूल नाही?"

आजवर ते असणार, असेल म्हणायचे. पहिल्यांदा विचारलं.

"नाही," मी म्हणाले, आणि मलाच रडू फुटलं. तीन माणसांत मी एकटीच रडत होते, परकी. उम्म खालिदनी उठून पाणी आणून दिलं.

मग अ.खा. म्हणाले, ती दुपार पुन्हा वाचा. पहिल्यापासून. केकसकट.

७ मे २०००
वाचायचं आता काही उरलेलं नाही, तरी जाते. प्राध्यापकांच्या ग्रंथातून ताऱ्यांची नावं वाचते. मी जर्मन उच्चार करते, अ.खा. अरबी दुरुस्त करतात. पगार घेताना लाज वाटते म्हटलं तर रागावले.

काल अब्बासियातून फोन. आमचे सुतार नांदगावकर परांचीवरून पडले. खोलीतल्या सोबत्यांनी मराठी मंडळाच्या यादीत तेच आडनाव बघून आम्हालाच कळवलं. हॉस्पिटलात कोणी नातेवाईक हवा होता. सुधीर गेला, 'भाऊ' म्हणून सही करून आला. पाय मोडलाय, जीव वाचला. परत आल्यावर म्हणाला, "तिथे कोण कणकवली-मनमाड करत बसणार?"

अ.खा.ना सांगितलं. गालातल्या गालात हसले. फार दिवसांनी.

११ जानेवारी २००२
ओटोचं नववर्षाचं कार्ड. आता दरवर्षी येतं. यंदा गंमत म्हणजे प्राध्यापकांचीही सही त्यावर. दोघं भेटले! माझ्या पत्रामुळे एकमेकांचा पत्ता शोधला, जेवले, भांडले (ओटोला प्राध्यापकांची चित्रांबद्दलची मतं अजिबात पसंत नाहीत). कार्डाच्या तळाशी दरवर्षीचाच प्रश्न, खालिदची काही बातमी?

अ.खा. मजकूर सांगतात, मी लिहिते: अजून नाही.

१८ मे २००३
इराकमध्ये सामूहिक कबरी उकरतायत. टीव्हीवर माती, कवट्या, बायका. अ.खा.च्या घरी टीव्ही बंद. दोघंही रक्त देऊन आले, सापडलेल्या हाडांशी जुळवून बघण्यासाठी. उम्म खालिदच्या दंडाला अजून कापूस चिकटलेला होता. मी सांगितलं तेव्हा त्यांना कळलं.

आज तारे वाचले नाहीत. वारा सुटलाय, सगळीकडे धूळ. खिडक्या बंद करून तिघं बसून होतो.

२९ फेब्रुवारी २००४
सुधीरचं काँट्रॅक्ट संपतंय. मार्चअखेर नाशिकला परत. रेवा पुण्याला कॉलेजात आहेच. अ.खा.ना सांगायचं पुढे ढकलत होते, शेवटी आज सांगून टाकलं. "बरं," एवढंच म्हणाले.

शेजाऱ्यांचाही मुलगा तेव्हाच नेलेला, त्याची हाडं सापडल्याची बातमी गेल्या महिन्यात आली. दफन झालं. अ.खा. तिथे जाऊन बसून आले.

२३ मार्च
शेवटची सकाळ. फळ्यांवर सगळे हाल्डेनबाख ओळीने. नांदगावकरांची सुतारकी भक्कम आहे, एकही फळी वाकलेली नाही.

अ.खा.च्या पुढ्यात सरकारी कागद होता. रक्ताच्या चाचणीचा निकाल आला तर कोणाकोणाला कळवायचं: नाव, नातं, फोन. त्यांनी भावाचं नाव लिहिलं होतं, दोन पुतण्यांचं. मग पेन माझ्याकडे सरकवलं. "ओटो आणि प्राध्यापक. त्यांच्या लिपीत लिहा, चूक नको."

"पण ते कोणी..." मी सुरुवात केली आणि मध्येच थांबले. हे मीच या घरात सहा वर्षं समजावून सांगत होते.

लिहिलं. ओटोला आता ऐकू येत नाही, म्हणून प्राध्यापकांचाच फोन नंबर दोन्ही ओळींत घातला. नात्याचा रकाना अ.खा.नी स्वतः भरला.

"तो कारकून विचारेल, हे कोण," मी म्हणाले.

"विचारू दे."

निघायला उठले. उम्म खालिद आतून प्लेट घेऊन आल्या. केक. प्लम इथे सुके मिळतात, तेच घातले होते. बाजूने जरा करपला होता. एक तुकडा खाल्ला. त्यांनी विचारायच्या आत दुसरा मागून घेतला.

अ.खा. कागद घेऊन अजून तिथेच बसलेले. एक ओळ रिकामी होती.

"उम्म रेवा, नाशिकचा फोन नंबर सांगा."

सांगितला. पुढच्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं ते बघितलं नाही. चप्पल घालून बाहेर आले. दार नेहमीसारखं उघडं होतं, मीही ते तसंच ठेवलं.